अग्रक्रम आणि जनकत्व : चरणजित सिंग यांच्या ध्वनिमुद्रिकेची समीक्षा

मुंबईच्या चित्रपटसंगीतात मुरलेले वादक चरणजित सिंग यांची ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही ध्वनिमुद्रिका १९८२ साली निघाली. भैरव, तोडी, यमन, मालकंस आदी दहा राग तीत रोलंड या जपानी कंपनीच्या ज्युपिटर-८, टीबी-३०३ आणि टीआर-८०८ या विद्युत्-वाद्यांवर वाजविलेले आहेत. त्या वेळी तिची फारशी दखल घेतली गेली नाही. २०१० साली एदो बाउमन यांनी नेदरलँड्समधून ती पुन्हा प्रसिद्ध केली, तेव्हा मात्र समीक्षकांत वाद माजला.

एका पक्षाने तीस ‘अॅसिड हाउस’ या नृत्यसंगीताचा आद्य नमुना ठरविले. कारण शिकागोच्या ‘फ्यूचर’ या त्रयीचे ‘अॅसिड ट्रॅक्स’ १९८७ सालचे होय. दुसऱ्या पक्षास ही सारी बनवेगिरी वाटली; कोणा युरोपीय संगीतकाराने जुन्या तारखेचा मुखवटा घातला असावा, असा त्याचा तर्क. मुद्रिका अस्सल ठरल्याने हा तर्क निकालात निघाला. पहिले मत मात्र तपासून पाहावयास हवे.

भाषाभ्यासात दोन भाषांतील शब्दांचे साम्य दिसताच उसनवारी गृहीत धरीत नाहीत. संपर्काचा पुरावा मागतात. येथे तसा पुरावा नाही. साम्याचे कारण समान साधनात सापडते. टीबी-३०३ हे यंत्र बेस गिटारवादकाच्या अभावी साथ करण्यासाठी निर्मिलेले. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय त्यात आहे. सिंग यांना ती रागाच्या चलनास उपयोगी पडली, शिकागोच्या तरुणांना नृत्याच्या लयीस. अग्रक्रम सिंग यांचा खरा; परंतु अग्रक्रम म्हणजे जनकत्व नव्हे.

या वादात मूळ प्रश्न मात्र मागे पडला : हे राग राग म्हणून उभे राहतात काय? हा प्रश्न आपल्याकडे नवा नव्हे. पेटीचे ठरीव बारा स्वर श्रुती आणि मींड दाखवू शकत नाहीत, या आक्षेपावरून ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये तिच्यावर घातलेली बंदी सुमारे तीन दशके टिकली. तरीही नांदेडच्या सचखंड गुरुद्वारात रागबद्ध शबद आणि लातूरकडील भजनी मंडळांत अभंग पेटीच्याच साथीने गाइले जातात. तेथे कंठ स्वराची उणीव भरून काढतो. सिंग यांच्या मुद्रिकेत कंठ नाही. तोडीचा अतिकोमल गांधार यंत्रानेच साधावयाचा. ज्युपिटर-८ वर स्वर वाकविण्याची सोय आहे. तिचा उपयोग कोठे व कितपत झाला, हे रागागणिक ऐकूनच ठरवावे लागेल.

सिंग २०१५ साली निवर्तले. ‘अॅसिड हाउस’ हे त्यांच्या कृतीस परक्यांनी मागाहून दिलेले नाव. त्यांनी स्वतः दिलेल्या नावात ‘राग’ हा शब्द आहे. कर्त्याच्या शब्दाने कृतीची परीक्षा करणे हे समीक्षेचे पहिले कर्तव्य होय, आणि ते करण्यास राग जाणणारा कानच अधिकारी आहे.