तहाची सही आणि शिक्कामोर्तब

जुन्या तहनाम्याची प्रत हातीं आली म्हणजे संग्राहकाची दृष्टि प्रथम कलमांवर व सह्यांवर जाते. परंतु तह कधीं ठरला आणि तो उभयपक्षीं बंधनकारक कधीं झाला, हे दोन निराळे प्रश्न आहेत. त्यांची गल्लत झाल्यास मुलुखाच्या मालकीविषयीं चुकीचे निष्कर्ष निघतात, म्हणून त्यांचा येथें थोडा विचार करतों.

मराठी दफ्तरांत पत्राच्या माथ्यावर शिक्का व अखेरीस मोर्तब उमटविण्याची चाल होती. मोर्तब झालें म्हणजे मजकूर संपला. तहाचेंही तसेंच असे: वकिलानें बोलणें ठरवावें, धन्यानें तें मान्य करावें, आणि मान्य प्रतींची अदलाबदल व्हावी.

सालबाईच्या तहांत या तिन्ही पायऱ्या स्पष्ट दिसतात. ग्वाल्हेरनजीक सालबाई येथें महादजी शिंदे व कंपनीचा वकील डेव्हिड अँडरसन यांनीं 17 मे 1782 रोजीं तह ठरविला. कलकत्त्याची मान्यता 6 जून रोजीं मिळाली. पुण्याचा शिक्का मात्र 20 डिसेंबरला झाला. इंग्रजांशीं लढत असलेला हैदरअली 7 डिसेंबर रोजीं वारला होता. तो जिवंत असतां नाना फडणिसांस शिक्का राखून ठेवण्यांत लाभ होता. तो गेल्यावर तें कारण उरलें नाहीं. प्रतींची अदलाबदल 24 फेब्रुवारी 1783 रोजीं झाली. उलट, 1779 च्या जानेवारींत वडगांव येथें इंग्रजांनीं लिहून दिलेला करार मुंबईकर व कलकत्तेकर या दोघांनींही अमान्य केला.

आतां छत्रपति संभाजीनगरानजीकच्या दौलताबादेकडे वळूं. खर्ड्याच्या लढाईनंतर (11 मार्च 1795) निजामानें परांड्यापासून तापीपर्यंतचा मुलूख दौलताबादच्या किल्ल्यासह देण्याचें कबूल केलें. पुढें 8 ऑक्टोबर 1796 रोजीं महाड येथें नानांनीं निजामाशीं करार केला. बाजीरावास गादी मिळवून देण्यास निजामानें साह्य करावें, आणि त्याबदल्यांत हा मुलूख त्यास परत मिळून राहिलेली रक्कम सुटावी, असा त्याचा आशय होता. परंतु त्या दिवशीं नाना पुण्याच्या कारभाराबाहेर होते, आणि बाजीरावास पेशवाईचीं वस्त्रें डिसेंबरांत मिळालीं. गादीवर आल्यावर बाजीरावानें हा करार जसाच्या तसा मान्य करण्याचें नाकारलें. निजामाचा दिवाण मुशीर-उल्मुल्क 1797 च्या जुलैंत रुष्ट होऊन पुणें सोडून गेला. तेव्हां केवळ महाडच्या करारावरून दौलताबाद निजामास परत मिळालें असें लिहिणें युक्त नव्हे. त्यास मान्यतेचा, किंवा किल्ल्याचा ताबा दिल्याचा, स्वतंत्र कागद पाहिजे.

ही रीत केवळ जुन्या दरबारांचीच होती असें नाहीं. पेटंटाचे तंटे एका सामायिक न्यायालयांत चालावे म्हणून युरोपांतील देशांनीं 19 फेब्रुवारी 2013 रोजीं करारावर सह्या केल्या. 13 देशांनीं मान्यता द्यावी, व त्यांत सर्वांत अधिक पेटंटें असलेले तीन देश असावे, अशी अट होती. ब्रिटननें 2018 मध्यें दिलेली मान्यता 2020 मध्यें मागें घेतली. जर्मनीचा मान्यतेचा कायदा, लोकसभेंत दोनतृतीयांश मतें न मिळतां झाला म्हणून, तेथील घटना-न्यायालयानें त्याच वर्षीं रद्द ठरविला. नवा कायदा होऊन जर्मनीचें मान्यतापत्र 17 फेब्रुवारी 2023 रोजीं दाखल झालें, तेव्हां कोठें 1 जून 2023 पासून न्यायालय सुरू झालें. सही व अंमल यांत दहा वर्षांहून अधिक अंतर पडलें!

यास्तव तहनाम्याची नोंद करितांना ठराव, मान्यता व अदलाबदल यांच्या तारखा वेगवेगळ्या लिहाव्या, आणि सही करणारास मुखत्यारी कोणाची होती हेंही नमूद करावें, अशी आमची संग्राहकांस विनंती आहे. शिक्का नसलेली प्रतही टाकाऊ नव्हे. कोणी कोणास काय देऊं केलें होतें, हें तिजवरून कळतें. तें दिलें गेलें कीं नाहीं, हें मात्र दुसऱ्या कागदास विचारावें लागतें.