मेदयुक्त यकृत : दोन वैद्यकशास्त्रांचा मेळ कुठवर?

पोटाच्या सोनोग्राफीत ‘फॅटी लिव्हर’ आढळल्यास काहीजण धास्तावतात, तर अनेकजण ‘दुखत तर नाही’ म्हणून दुर्लक्ष करतात. यकृताच्या पाच टक्क्यांहून अधिक पेशींत मेद साठला की हा विकार मानला जातो. स्थूलता, मधुमेह व मद्यपान ही त्याची प्रमुख कारणे. काही रुग्णांत पुढे दाह, तंतुमयता आणि अखेर सिरोसिस असा त्याचा प्रवास होतो, तोही बहुधा मूकपणे. २०२१ मध्ये केंद्र सरकारने मद्यपानाशी संबंधित नसलेल्या मेदयुक्त यकृताचा समावेश असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात केला.

आयुर्वेदीय ग्रंथांत या नावाचा व्याधी नाही; मात्र चरकसंहितेत यकृत व प्लीहा ही रक्तवह स्रोतसांची मूलस्थाने सांगितली आहेत. अतिपोषणातून उद्भवणाऱ्या संतर्पणजन्य विकारांवर अपतर्पण, म्हणजे जव, मूग, ताक असा हलका आहार व व्यायाम, हा उपाय आहे. आधुनिक वैद्यकही हेच सांगते : वजन पाच टक्के घटल्यास यकृतातील मेद कमी होतो, तर सात ते दहा टक्के घटल्यास दाहही ओसरू लागतो. दोन्ही शास्त्रांचा खरा मेळ येथे आहे.

औषधांबाबत मात्र सावधगिरी हवी. कुटकी, भुईआवळा, गुळवेल यांचा वापर वैद्य करतात. परंतु त्यांनी तंतुमयता मागे हटते, याला भक्कम पुरावा नाही. २०२१ मध्ये मुंबईतील डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांत यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष अमान्य केला. वाद काहीही असो, ‘वनस्पती म्हणजे निरुपद्रवी’ हा समज सोडावा.

म्हणून वनौषधी सुरू करण्यापूर्वी व त्यानंतर काही आठवड्यांनी यकृताची रक्ततपासणी करावी. तंतुमयतेचा अंदाज फायब्रोस्कॅनने येतो. मधुमेहाच्या गोळ्या परस्पर बंद करू नयेत. वैद्य आणि डॉक्टर दोघांनाही सर्व औषधांची यादी दाखवावी. बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय आणि धारगळची अखिल भारतीय आयुर्वेद संस्था, अशा दोन्ही सोयी राज्यातच आहेत. कावीळ, पोटात पाणी साठणे किंवा रक्ताची उलटी झाल्यास मात्र काढ्याची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठावे.