काळ्या दगडांची बारशी

आम्हा नाशिककरांना दगडांचे लाड ठाऊक आहेत. इथला बेसाल्ट फोडला की पोकळीत झिओलाइटचे पांढरे, गुलाबी स्फटिक निघतात. सिन्नरच्या 'गारगोटी' संग्रहालयात ते काचेमागे मांडलेले आहेत. मी हेच दगड बघत मोठा झालो. त्यामुळे नागपूरकडच्या मँगॅनीजबद्दल वाचायला लागलो तेव्हा गंमत वाटली. तिथे सगळंच काळं! मग दुर्मिळ खनिज ओळखायचं कसं?

हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी लुईस ली फर्मर या भूशास्त्रज्ञापुढे होता. १९०२ मध्ये तो भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात दाखल झाला आणि मध्य प्रांतातल्या मँगॅनीज खाणी त्याने पायाखाली घातल्या. अशा खाणीत रंगाचा उपयोग नसतो. मऊ पायरोल्युसाइट बोटं काळी करतो, ब्राउनाइट चाकूला दाद देत नाही. बिनचकाकीच्या चिनी मातीवर दगड ओढला तर हॉसमनाइटची रेघ तपकिरी उमटते, पायरोल्युसाइटची काळी. आणि खिशात लोहचुंबक हवाच.

रामटेकजवळच्या बेलडोंगरीत एक काळा दगड चुंबकाला जोरात चिकटायचा. साधी मँगॅनीज खनिजं असं करत नाहीत. फर्मरने ते नवं खनिज मानलं आणि सहकारी व्रेडेनबर्गच्या नावाने त्याला 'व्रेडेनबर्गाइट' म्हटलं. छिंदवाड्यातल्या सितापार गावावरून 'सितापराइट' आलं, बेलडोंगरीवरून 'बेलडोंग्राइट'. झाबुआच्या काजलीडोंगरीतलं एक खनिज वरिष्ठ हॉलंड यांच्या नावाने 'हॉलंडाइट' झालं. १९०९ मध्ये या सगळ्याचा हजारावर पानांचा ग्रंथ निघाला.

पुढे सूक्ष्मदर्शकाखाली दिसलं की व्रेडेनबर्गाइट हे एक खनिज नाहीच. हॉसमनाइट आणि जेकबसाइट एकमेकांत विणले गेलेत, आणि चुंबकाला ओढणारा आहे तो जेकबसाइट. सितापराइट म्हणजे अमेरिकेतल्या युटामध्ये आधीच सापडलेलं बिक्सबाइट निघालं. पहिलं नाव टिकतं या नियमाने आपल्या गावाचं नाव गेलं. बेलडोंग्राइटही यादीत उरलं नाही. हॉलंडाइट मात्र आजही आहे.

म्हणजे फर्मर चुकला का? मला तसं वाटत नाही. दगड वेगळा आहे हे चुंबकाने खरंच सांगितलं होतं. तो कशामुळे वेगळा, हे सांगायची ताकद चुंबकात नव्हती. खाणीवर ओळख सुरू होते, तिथे ती संपत नाही.

साहेबांची नावं टिकली आणि गावांची पुसली, असं म्हणायचा मोह होतो. पण हिशोब इतका सरळ नाही, व्रेडेनबर्गसाहेबही गेलेच की! आणि मँगॅनीजयुक्त गार्नेट व क्वार्ट्झ यांच्या खडकाला फर्मरने या मुलखातल्या गोंड लोकांवरून 'गोंडाइट' म्हटलं, ते नाव भूशास्त्राच्या पुस्तकांत अजून आहे. गावं यादीतून गेली, पण ज्यांचा हा डोंगरमुलूख, त्यांचं नाव दगडावर राहिलं. मला यात थोडा न्याय दिसतो. तुम्हाला?