उमेदवारी : एक शब्द आणि एक प्रथा

नोकरीसाठी आलेल्या इसमास "आधी चार दिवस काम करून दाखवा, मग पाहू" असे सांगावयाचे, त्या चार दिवसांत त्याच्याकडून नेहमीचेच काम करून घ्यावयाचे आणि नेमणूक झाली नाही तर त्या दिवसांचा पगार द्यावयाचा नाही, ही रीत उपाहारगृहे, दुकाने, शिकवणीचे वर्ग व लहानमोठ्या कचेऱ्या यांत आजही आढळते. मालकास असे काम मागण्याचा अधिकार आहे काय, हा प्रश्न सामान्यतः कायद्याचा म्हणून विचारला जातो. परंतु ही रीत आजची नव्हे. मराठीत तिच्यासाठी स्वतंत्र शब्द आहे आणि तो अव्वल इंग्रजी अमदानीपासून रूढ आहे. तो शब्द म्हणजे 'उमेदवारी'. ह्या शब्दाचा व त्यामागील प्रथेचा इतिहास पाहिल्यास कायद्यापुढील अडचण नेमकी कोठे आहे, हेही ध्यानात येते.

'उमेदवार' हा शब्द फारसी आहे. 'उमेद' म्हणजे आशा. तीस 'वार' हा प्रत्यय लागून 'आशा बाळगणारा' असा अर्थ सिद्ध होतो. दरबारी व्यवहारात अर्जाचा निकाल अनुकूल लागेल म्हणून वाट पाहणारा तो उमेदवार. मोल्सवर्थच्या कोशात (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) आशा धरून असलेला, पदाचा इच्छुक, ह्याच अंगाने हा शब्द नोंदला आहे. मराठीत मात्र त्याच्या भाववाचक रूपास दोन निरनिराळे अर्थ प्राप्त झाले आणि ते क्रियापदांवरून ओळखता येतात. निवडणुकीतील उमेदवारी 'मिळते', 'जाहीर होते', 'मागे घेतली जाते'. धंद्यातील वा कचेरीतील उमेदवारी 'करावी' लागते. "त्याने वकिलाकडे दोन वर्षे उमेदवारी केली" ह्या वाक्यात नुसती आशा नाही. तीत दोन वर्षांचे काम आहे. आशेचे नाव घेऊन श्रमाचा बोध करून देणारा हा प्रयोग इतका अंगवळणी पडला आहे की त्यातील विसंगती सहसा जाणवत नाही.

ह्याच्या शेजारी मोबदल्याचे शब्द ठेवून पाहावेत. 'पगार' हा पोर्तुगीजांकडून आलेला शब्द. मूळ क्रियापदाचा अर्थ 'देणे चुकते करणे'. 'मुशाहिरा' हा अरबी शब्द महिन्याच्या नावावरून साधलेला आहे. 'रोज' व 'रोजंदारी' यांत फारसी दिवस आहे. ह्यांपैकी पहिल्यात ऋण फेडल्याची आणि उरलेल्या दोहोंत काळ मोजल्याची कल्पना आहे. उमेदवारीत ह्या दोन्ही गोष्टी नाहीत. तिला मुदत नाही, आणि तिच्यापोटी कोणी कोणाचे देणेही लागत नाही.

प्रथेचे मूळ दफ्तराच्या कामात आहे. मोडी लिहिणे, ताळेबंद करणे, पत्रव्यवहाराची ठरावीक भाषा सांभाळणे ह्या गोष्टी शाळेत शिकवल्या जात नव्हत्या; त्या दफ्तरात बसूनच येत. १८१८ नंतर कंपनी सरकारच्या कचेऱ्या उभ्या राहिल्या, तेव्हा कामाचे स्वरूप पुष्कळ अंशी तेच राहिले. मामलेदार कचेरीत किंवा मुनसफाच्या कोर्टात जुन्या कारकुनाच्या हाताखाली नकला करणारा, रुमाल बांधणारा व नोंदी उतरून काढणारा तरुण हा उमेदवार असे. जागा रिकामी झाली म्हणजे त्याचा विचार होई. तोपर्यंत त्याला पगार नसे. शिकणे, कसोटीस उतरणे आणि सरकारचे प्रत्यक्ष काम करणे ह्या तीन गोष्टी येथे एकत्र झालेल्या होत्या, आणि पहिल्या दोहोंच्या नावावर तिसरीचा मोबदला बुडत असे. पगार नसलेल्या माणसाच्या हाती कागद असले म्हणजे अर्जदाराकडून चार आणे घेण्याचा मोह वाढणार, हेही उघड आहे.

ह्या प्रथेचा सर्वांत दूरगामी परिणाम निवडीवर झाला. वर्ष-दोन वर्षे पगारावाचून काढावयाची तर घरी खाण्याची सोय हवी, तालुक्याच्या गावी राहण्यास नातेवाइकाचे घर हवे, आणि कचेरीत कोणी ओळखीचा हवा. ज्याच्या घरी आधीच कारकुनी आहे त्यालाच ह्या तिन्ही गोष्टी सहज मिळत. नांगर सोडून येणाऱ्या कुणब्याच्या मुलास, किंवा रोजच्या मजुरीवर जगणाऱ्यास, आशा कितीही असली तरी ती परवडत नसे. जोतीराव फुले यांनी 'गुलामगिरी' (१८७३) व 'शेतकऱ्याचा असूड' (१८८३) ह्या ग्रंथांत सरकारी खात्यांत एकाच वर्गाचा भरणा झाल्याची व त्यापायी रयतेची नाडवणूक होत असल्याची तक्रार केली आहे. त्या स्थितीची कारणे अनेक होती आणि शिक्षणाची मक्तेदारी हे त्यांतील मोठे कारण होते. परंतु शिक्षणाचे दार किलकिले झाल्यावरही बिनपगारी उमेदवारीचा उंबरठा शिल्लक राहत होता, हे विसरता येत नाही. शाहू छत्रपतींनी २६ जुलै १९०२ रोजी करवीर संस्थानात रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवण्याचा हुकूम काढला. जागा राखून ठेवली म्हणजे तिच्यासाठी अमर्याद काळ वाट पाहण्याची ऐपत ही पात्रता उरत नाही. त्या हुकुमाचा हा अर्थ ह्या संदर्भात लक्षात घेण्याजोगा आहे.

मुंबईच्या गिरण्यांत ह्या प्रथेने निराळे रूप घेतले. गावाहून आलेला मुलगा भाऊबंदाच्या साच्यावर उभा राहून काम शिके. त्याच्या हातून जे कापड निघे ते साचेवाल्याच्या हिशेबात जाई. पुढे भरती जॉबरच्या हाती होती, आणि नोकरीसाठी त्याला लाच द्यावी लागते ही गोष्ट १९३१ साली अहवाल सादर करणाऱ्या रॉयल कमिशनने नमूद केली. १९३५ मध्ये मुंबईच्या गिरणीमालक संघाने बदली कामगारांच्या भरतीस शिस्त लावण्याची पद्धत सुरू केली. बदलीवाल्याने रोज सकाळी दारात हजर राहावयाचे आणि कोणी गैरहजर असेल तर त्याच्या जागी लागावयाचे. काम मिळाले नाही तर तो दिवस फुकट जाई. परंतु काम मिळाले तर त्याची मजुरी मिळे. म्हणजे जॉबरच्या अमलाखालील गिरणीतसुद्धा थांबणे व राबणे यांत भेद केला जात होता. कचेरीच्या उमेदवारीत तो नव्हता.

मोबदल्यावाचून श्रमाचा दुसरा, अधिक कठोर प्रकार म्हणजे वेठ. 'वेठ' हा शब्द संस्कृत 'विष्टि'पासून प्राकृत 'विट्ठि'द्वारा आला आहे. विष्टीचा उल्लेख कौटिलीय अर्थशास्त्रात आहे. त्याच्या जोडीचा 'बिगार' हा फारसी 'बेगार' होय. बिगार वाहणारा तो बिगारी. परंतु आज बांधकामावरील बिगारी हा रोज घेऊन काम करणारा अकुशल मजूर आहे. ज्या शब्दात मजुरीचा अभाव हाच मुख्य अर्थ होता, त्याला मजुरी चिकटली, ही अर्थपरिवर्तनाची मोठी बोलकी घटना आहे. 'उमेदवारी करणे' ह्या प्रयोगाच्या वाट्याला असे परिवर्तन आले नाही.

वेठ व उमेदवारी यांची तुलना महार वतनाच्या आधारे अधिक स्पष्ट होते. वतनदार महारांकडून सरकारी कामे वेळीअवेळी करून घेतली जात आणि वतनाची जमीन व बलुते हा त्याचा मोबदला मानला जाई. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती सुचविणारे विधेयक मांडले ते ह्या अन्यायाविरुद्ध. मुंबई राज्यात कनिष्ठ गावकामगारांची वतने नष्ट करणारा कायदा १९५८ मध्ये झाला. वतनात मोबदला पूर्वीच कोणा पूर्वजास दिलेला आहे असे सांगितले जाई. उमेदवारीत तो पुढे कधीतरी मिळावयाचा आहे असे सांगितले जाते. एकीकडे भूतकाळ, दुसरीकडे भविष्यकाळ. राबणाऱ्याच्या हातात आज काही पडत नाही, ही गोष्ट दोहोंत समान आहे. भेद इतकाच की वेठीत हुकूम असतो आणि उमेदवारीत संमती दिसते.

कायद्याने वेठीचा बंदोबस्त केला. २६ जानेवारी १९५० पासून अमलात असलेल्या संविधानाच्या अनुच्छेद २३ ने वेठबिगार व तत्सम सक्तीचे श्रम यांस मनाई केली आहे. शिकणाऱ्याचाही विचार झाला. १९६१ च्या कायद्याचे मराठी नावच 'शिकाऊ उमेदवार अधिनियम' असे आहे. त्यात करार, मुदत व दरमहा 'विद्यावेतन' यांची तरतूद आहे. शिकाऊ उमेदवार हा कामगार नव्हे, प्रशिक्षणार्थी होय, असे तो कायदा सांगतो. तरीही त्याला रिकाम्या हाताने ठेवीत नाही. कसोटीवरील माणसाचाही विचार झाला. १९४६ च्या औद्योगिक रोजगार (स्थायी आदेश) कायद्याखालील आदर्श आदेशांत परिवीक्षाधीन हा कामगारांचाच एक वर्ग मानला होता, व त्याची सामान्य मुदत तीन महिन्यांची होती. कसोटी आणि पगार एकत्र नांदू शकतात, हे ह्यावरून सिद्ध होते.

उरला तो नेमणुकीपूर्वी 'करून दाखवणारा' अर्जदार. त्याचे नाव कोणत्याही व्याख्येत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहिता, २०१९ मध्ये किमान वेतनाहून कमी देण्यास मनाई आहे. परंतु ती 'कर्मचाऱ्या'पुरती, आणि कर्मचारी म्हणजे वेतनावर कामास लावलेला इसम. ज्याला वेतन कबूलच केले नाही तो कर्मचारी कसा, असा युक्तिवाद मालकास येथे सुचतो. म्हणजे काहीच न देणारा हा कमी देणाऱ्यापेक्षा सुरक्षित ठरावा, असा विपरीत निष्कर्ष निघतो. ह्यास उत्तर त्याच व्याख्येत आहे. नोकरीच्या शर्ती व्यक्त असोत वा गर्भित, असे ती म्हणते. दुकान उघडे आहे, गिऱ्हाईक आले आहे, त्यास अर्जदाराने माल दिला आहे आणि पैसे मालकाच्या गल्ल्यात गेले आहेत, अशा स्थितीत मोबदल्याची शर्त गर्भित आहे असे म्हणण्यास भरपूर जागा राहते.

दुसरा आधार सर्वोच्च न्यायालयाचा आहे. दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांसंबंधीच्या १९८२ च्या निर्णयात न्यायमूर्ती भगवती यांनी अनुच्छेद २३ मधील सक्तीचा अर्थ विस्ताराने लावला. सक्ती केवळ शारीरिक बळाची किंवा कायद्याच्या धाकाची नसते. भूक व दारिद्र्य यांमुळे दुसरा मार्गच न उरणे हीदेखील सक्ती होय, आणि किमान वेतनाहून कमी मोबदल्यावर घेतलेले श्रम हे सक्तीचे श्रम होत, असे न्यायालयाने म्हटले. ह्या निर्णयापुढे अर्जदार मजूर नव्हते. तरीही संमती दिसते म्हणून सक्ती नाही, ह्या समजुतीचा पाया त्याने काढून घेतला. वेठ व उमेदवारी यांच्यामध्ये उभी असलेली भिंत नेमकी त्याच समजुतीची होती.

मग मालकाने पारख करावयाचीच नाही काय? तसे म्हणता येणार नाही. स्वयंपाक्याने एक पदार्थ करून दाखवावा, टंकलेखकाने एक पान टंकित करावे, शिक्षकाने एक पाठ घ्यावा, ही रीतसर परीक्षा होय. ब्रिटनमध्ये ह्या प्रश्नाचा स्वतंत्र विचार झालेला आहे. बिनपगारी चाचणी-पाळ्यांवर स्पष्ट बंदी घालू पाहणारे स्ट्युअर्ट मॅकडॉनल्ड यांचे खासगी विधेयक १६ मार्च २०१८ रोजी चर्चेतच वेळ संपल्यामुळे बारगळले. परंतु त्याच वर्षाअखेर सरकारने १९९८ च्या किमान वेतन कायद्यासंबंधी मार्गदर्शन प्रसिद्ध केले. पारखण्यास वाजवी वेळ किती लागतो, अर्जदारावर कोणाची देखरेख आहे, आणि त्याच्या कामाचा परीक्षेपलीकडे मालकास उपयोग होतो काय, हे त्यातील निकष आहेत. मराठीत 'ठेवून पाहणे' असा जो प्रयोग आहे त्यात ठेवणारा व पाहणारा एकच, म्हणजे मालक, असतो. पाहण्याची गरज त्याची आहे. तेव्हा त्या पाहण्याचा खर्चही त्यानेच सोसावा, हे न्याय्य आहे.

हा विचार विद्येच्या क्षेत्रासही लागू आहे. महाराष्ट्रात 'कायम विनाअनुदानित' शाळांतील शिक्षकांनी पुढे अनुदान येईल ह्या आशेवर अल्प वेतनात किंवा वेतनावाचून वर्षानुवर्षे शिकविले. २००९ मध्ये शासनाने त्या संज्ञेतील 'कायम' हा शब्द वगळला आणि आशेस थोडा आधार मिळाला. पण त्यानंतरही अनुदानासाठी शिक्षकांना आंदोलने करावी लागली. वर्गात बसलेली मुले खरी होती, घेतलेल्या परीक्षा खऱ्या होत्या. अनिश्चित होता तो केवळ पगार. मामलेदार कचेरीच्या कोपऱ्यात नकला करीत बसलेल्या उमेदवाराहून ह्या शिक्षकाची स्थिती फारशी निराळी म्हणता येणार नाही.

बिनपगारी उमेदवारी टिकली ती शिक्षण, परीक्षा व श्रम यांची सरमिसळ झाल्यामुळे. शिक्षणासाठी विद्यावेतन, कसोटीच्या काळासाठी पगार आणि परीक्षेसाठी अल्प व ठरावीक वेळ, अशी त्यांची फोड करता येते, आणि कायद्याने ती पुष्कळशी केलेलीही आहे. राहिली आहे ती नेमणुकीपूर्वीच्या कामाची बाजू. तेथे संमतीचा पुरावा शोधण्याऐवजी घेतलेल्या कामाचा उपयोग कोणास झाला, एवढे विचारणे पुरेसे आहे. उत्तर 'मालकास' असे आले, तर त्या कामास उमेदवारी हे नाव देऊन त्याचा पगार टाळता येऊ नये. 'बिगारी' ह्या शब्दास कालांतराने मजुरी जोडली गेली. 'उमेदवारी करणे' ह्या प्रयोगाच्या इतिहासात ती पायरी अद्याप यावयाची आहे.