पॉवरलिफ्टिंगमधील परस्परसाहाय्य

पॉवरलिफ्टिंगमधील परस्परसाहाय्य हे काही अंशी त्या खेळाच्या स्वरूपातून निर्माण होते. स्क्वॉट, बेंच प्रेस व डेडलिफ्ट यांत प्रत्येकी तीन प्रयत्न मिळतात. सर्वोत्तम यशस्वी वजनांची बेरीज क्रमांक ठरवते. पहिल्या दोन प्रकारांत प्रयत्न फसल्यास खेळाडू वजनाखाली अडकू शकतो. म्हणून सरावात दांडी सावरणारा सोबती, मग तो प्रतिस्पर्धी का असेना, अत्यावश्यक ठरतो. शरीरसौष्ठव स्पर्धेत मात्र पंच स्पर्धकांना शेजारी उभे करून स्नायू व प्रमाणबद्धतेची तुलना करतात.

वऱ्हाडात सामूहिक व्यायामाची परंपरा आंतरराष्ट्रीय पॉवरलिफ्टिंग महासंघाच्या स्थापनेपेक्षा (१९७२) जुनी आहे. वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये अमरावतीत श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापन केले. त्याच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकवेळी भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके सादर केली.