टॅबलेटच्या साहाय्याने भौमितिक आकारांचे अध्यापन

टॅबलेटच्या साहाय्याने भौमितिक आकारांचे अध्यापन ही प्राथमिक शाळेत गणित शिकवण्याची एक पद्धत आहे. या पद्धतीत विद्यार्थी स्पर्शपटलावर त्रिकोण, चौकोन, वर्तुळ इत्यादी आकृत्या बोटाने काढतात, सरकवतात, फिरवतात व ताणतात आणि त्यांतून आकारांचे गुणधर्म शोधतात. पाठ्यपुस्तकातील आकृती स्थिर असते. पटलावरील आकृती बदलता येते. आकृती बदलत असताना कोणता गुणधर्म कायम राहतो हे विद्यार्थ्याला स्वतः पाहता येणे, हा या पद्धतीचा गाभा होय.

पार्श्वभूमी

मुलांनी आकार हाताळून शिकावेत ही कल्पना जुनी आहे. जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रीडरिक फ्रबेल यांनी एकोणिसाव्या शतकात बालोद्यानासाठी गोल, घन व वृत्तचिती अशा लाकडी साधनांचा संच तयार केला. संगणकाच्या क्षेत्रात सेमूर पेपर्ट व सहकाऱ्यांनी १९६७ साली विकसित केलेल्या ‘लोगो’ या भाषेमुळे मुले आज्ञा देऊन आकृत्या काढू लागली. पुढे ‘कॅब्री’, ‘जिओमीटर्स स्केचपॅड’ आणि मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ साली सुरू केलेले ‘जिओजेब्रा’ या आज्ञावलींनी आकृतीचा बिंदू धरून ओढण्याची सोय दिली. त्यासाठी माऊस वापरावा लागे. २०१० मध्ये आयपॅड बाजारात आल्यानंतर टॅबलेटचा प्रसार झाला आणि हेच काम बोटाने करता येऊ लागल्याने ते लहान वयाच्या मुलांच्याही आवाक्यात आले.

शैक्षणिक आधार

नेदरलँड्समधील पिअर व्हॅन हिले व दिना व्हॅन हिले-गेल्डोफ या शिक्षक दांपत्याने १९५७ साली भौमितिक विचाराचे टप्पे मांडले. पहिल्या टप्प्यात मूल आकार एकूण रूपावरून ओळखते, दुसऱ्या टप्प्यात त्याचे गुणधर्म पाहते आणि तिसऱ्या टप्प्यात गुणधर्मांचे परस्परसंबंध जोडते. एका टप्प्यावरून दुसऱ्यावर जाणे वयापेक्षा अध्यापनावर अधिक अवलंबून असते, असे त्यांचे प्रतिपादन होते.

पहिल्या टप्प्यावरील मुलांना आकार ठरावीक स्थितीतच ओळखू येतो. कोपऱ्यावर उभा केलेला चौरस त्यांना चौरस वाटत नाही. तो ‘शंकरपाळी’ किंवा ‘पतंग’ वाटतो. टोक खाली असलेला त्रिकोण ‘उलटा’ ठरतो. पटलावर तोच चौरस हळूहळू फिरवल्यास बाजू व कोन बदलत नाहीत हे मुलाच्या डोळ्यांसमोर घडते.

वर्गातील उपयोग

या पद्धतीतील महत्त्वाची कृती म्हणजे ‘ओढून पाहणे’. नुसत्या अंदाजाने काढलेल्या आयताचा एक शिरोबिंदू ओढला की त्याचे कोन बिघडतात; काटकोनांची अट घालून रचलेला आयत मात्र कितीही ताणला तरी आयतच राहतो. तो ताणताना लगतच्या बाजू समान झाल्या की चौरस तयार होतो. चौरस हाही एक आयत आहे हे विधान मुलांना पाठ करावे लागत नाही, ते दिसते.

इतर कृतींमध्ये आकारांचे वर्गीकरण, घडी घालून सममितीचा अक्ष शोधणे, फरशांप्रमाणे आकार जोडून पृष्ठभाग भरणे, तसेच खिडक्या, जाळ्या व रांगोळ्यांची छायाचित्रे काढून त्यांत आकार शोधणे यांचा समावेश होतो. दोन विद्यार्थ्यांना मिळून एक टॅबलेट दिल्यास त्यांना आपला निष्कर्ष एकमेकांना शब्दांत सांगावा लागतो. ‘काय बदलले, काय बदलले नाही आणि का?’ हे विचारण्याची जबाबदारी शिक्षकाचीच राहते.

मर्यादा

घन, शंकू किंवा इष्टिकाचिती यांचे पटलावरील रूप हे अखेर सपाट चित्र असते. कडा, पृष्ठे व शिरोबिंदू मोजण्यासाठी खडूचा खोका किंवा काड्यापेटी हातात घेणे अधिक उपयुक्त ठरते. कंपास, पट्टी व कोनमापक वापरण्याचे हस्तकौशल्यही टॅबलेटमुळे येत नाही. काही ॲप वाकडी रेषा आपोआप सरळ करतात. त्यामुळे मुलाची चूक आणि तिच्यातून होणारे शिक्षण दोन्ही झाकले जातात. केवळ ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ दाखवणाऱ्या खेळांत मुले अंदाजाने उत्तरे दाबत राहतात. दृष्टिहीन विद्यार्थ्यांना सपाट पटलापेक्षा उठावदार आकृत्या आवश्यक असतात. उपकरणांची संख्या, वीज, दुरुस्ती व मातृभाषेतील साहित्य या व्यावहारिक अडचणीही आहेत.

भारतातील स्थिती

केंद्र सरकारने २०१७ मध्ये सुरू केलेल्या ‘दीक्षा’ या मंचावर मराठीसह अनेक भारतीय भाषांत शैक्षणिक साहित्य उपलब्ध आहे. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांवर छापलेल्या क्यूआर कोडद्वारे पाठाशी संबंधित साहित्य उघडता येते. २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानातील पायाभूत संख्याज्ञानात आकार व अवकाशीय आकलनाचा समावेश आहे. मात्र आकार शिकवणारी चित्रफीत पाहणे आणि आकृती स्वतः बदलून पाहणे या भिन्न कृती आहेत. वर वर्णिलेले लाभ प्रामुख्याने दुसऱ्या कृतीशी निगडित आहेत.

हेही पहा

भूमिती
चौकोन
सममिती
जिओजेब्रा