जुनी गाडी सुरू होत नाहीये? नवी बॅटरी घेण्याआधी तिचा आवाज ऐका

आठवडाभर सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी असलेली जुनी मारुती ८००. सकाळी किल्ली फिरवली तर नुसतं 'कट-कट-कट'. शेजारचे काका खिडकीतूनच निदान करतात, "बॅटरी गेली!" दुकानदारही तेच म्हणतो आणि काही हजार रुपये मोजून नवी बॅटरी बसते. चार दिवसांनी पुन्हा तेच 'कट-कट'.

बॅटरी हा पहिला संशयित असतो, यात चूक नाही. पण दर वेळी दोष तिचाच असतो असं नाही. खरं काय बिघडलंय, याचा बराचसा पत्ता किल्ली फिरवल्यावर येणाऱ्या आवाजातच लागतो.

चार आवाज, चार अर्थ

काहीच आवाज नाही आणि डॅशबोर्डचे दिवेही लागत नाहीत, तर करंट गाडीपर्यंत पोहोचतच नाही. सलग 'कट-कट' म्हणजे करंट आहे, पण सेल्फ फिरवण्याइतका नाही. दिवे लख्ख आहेत आणि फक्त एकदाच 'टक' होतं, तेव्हा संशय सेल्फ किंवा त्याच्या सोलेनॉइडवर. आणि सेल्फ जोरात फिरतोय पण इंजिन उचलत नाही, तर बॅटरीचा नाद सोडा. अडचण पेट्रोल किंवा स्पार्कची आहे.

पहिल्या दोन प्रकारांत बॉनेट उघडून आधी बॅटरीचे टर्मिनल बघायचे. जुन्या गाड्यांत तिथे पांढरी-हिरवट बुरशीसारखी पूड साचते आणि करंट अडतो. टर्मिनल हाताने हललं तरी ते सैल आहे असं समजा. साफ करताना आधी निगेटिव्ह वायर काढायची आणि जोडताना ती शेवटी लावायची. गरम पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या ब्रशने घासलं की पूड निघते. ते पाणी बॅटरीच्या आत मात्र जाऊ देऊ नका. नंतर पुसून, घट्ट आवळून वरून थोडं व्हॅसलीन. निगेटिव्ह वायर बॉडीला जिथे जोडलेली असते तिथला गंजही बघा. ही जागा मेकॅनिकसुद्धा कधी कधी विसरतात.

मल्टिमीटर असेल तर अंदाजाची गरजच नाही. रात्रभर उभ्या गाडीची चांगली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, १२.२ म्हणजे साधारण निम्मी आणि १२ च्या खाली गेली तर जवळपास रिकामी. दुसरं माप इंजिन चालू असताना घ्यायचं. तेव्हा साधारण १३.८ ते १४.४ दिसलं पाहिजे. आकडा साडेबारालाच अडकला तर अल्टरनेटर चार्ज करत नाहीये किंवा त्याचा पट्टा सैल झालाय. वरच्या गोष्टीतली नवी बॅटरी चार दिवसांत का बसली, त्याचं एक उत्तर हे असू शकतं.

सेल्फ फिरतो, पण गाडी उचलत नाही

आधी पेट्रोल. जुन्या गाडीच्या काट्यावर फार विश्वास ठेवू नये. इंजेक्शनच्या गाडीत किल्ली 'ऑन' केल्यावर मागच्या सीटखालून किंवा टाकीकडून दोनेक सेकंद बारीक गुणगुण ऐकू येते. ती नसेल तर फ्युएल पंप, त्याचा फ्यूज किंवा रिले तपासावा. सीएनजी गाड्यांची एक खास खोड आहे. बरेच किट गाडी पेट्रोलवर सुरू करतात आणि मग गॅसवर जातात. पण पैसे वाचवायला टाकी कायम कोरडी ठेवली जाते. टाकीतला पंप पेट्रोलमुळेच थंड राहत असल्याने तो लवकर जळतो, आणि उरलेलं पेट्रोलही जुनं होतं.

पावसाळ्यात संशय स्पार्कवर. डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत किंवा प्लगच्या वायरींवर ओल बसली की करंट भलतीकडेच जातो. इंजिन बंद ठेवून सगळं कोरड्या फडक्याने पुसलं तरी अनेकदा काम होतं. वारंवार प्रयत्न करून पेट्रोलचा वास यायला लागला, तर गाडी 'ओव्हरफ्लो' झाली. मग दहा मिनिटं थांबून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरत सेल्फ मारावा. पायाने पंपिंग करू नये. कोणत्याही वेळी सेल्फ सलग दहा सेकंदांपेक्षा जास्त नको, आणि मध्ये अर्धा मिनिट विश्रांती.

कार्ब्युरेटरच्या गाड्या उन्हाळ्यात ट्रॅफिकमध्ये बंद पडून पुन्हा सुरू होत नाहीत, तेव्हा नळीतच पेट्रोलची वाफ झालेली असू शकते. इथे उपाय एकच: बॉनेट उघडून वाट बघणे.

धक्का मारावा का?

साध्या गिअरच्या, कार्ब्युरेटरच्या गाडीला चालतो. किल्ली ऑन, दुसरा गिअर, क्लच दाबलेला. वेग आला की क्लच सोडायचा. ऑटोमॅटिकला धक्क्याने सुरू करता येत नाही. इंजेक्शनच्या गाडीत बॅटरी पूर्ण मेली असेल तर पंप आणि कॉम्प्युटरच चालत नाहीत, शिवाय न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो खराब होऊ शकतो. त्यापेक्षा जंप केबल बरी. आणि उतारावर प्रयोग करताना लक्षात ठेवा, पॉवर ब्रेक असलेल्या गाडीत इंजिन बंद असताना ब्रेक फार जड लागतो.

बॉनेटखाली पेट्रोल ठिबकताना दिसलं तर मात्र किल्लीला हातही लावू नका. सगळ्यांना लांब करा आणि मेकॅनिकला गाडीपाशीच बोलवा.